पोथीबरहुकूम

नेवाशाला प्रवरेच्या दक्षिण तीरावर एक दगडी खांब आहे. पैसाचा खांब म्हणून तो महाराष्ट्राला ठाऊक; दुर्गा भागवतांनी आपल्या लेखसंग्रहाला ‘पैस’ हे नाव दिलं ते यावरूनच. या खांबाला टेकून ज्ञानदेव ज्ञानेश्वरी सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, अशी परंपरा. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हे साल खुद्द ग्रंथातच नोंदलेलं आहे. तिथून पुढचं सारं काम नकला करणाऱ्यांचं. सुमारे नऊ हजार ओव्या हाताने उतरवायच्या. एखादा जुना शब्द अडला की त्या जागी आपल्या काळातला, तोंडातला शब्द यायचा. कुणी समासात लिहिलेली ओवी पुढच्या नकलेत मजकुरात जाऊन बसायची. यात कुणाच्या मनात खोट नव्हती. उलट प्रत्येकाला आपण पोथी सुधारतोय असंच वाटत असणार. तीनशे वर्षांनी एकनाथांसमोर आलेल्या प्रती एकमेकींशी जुळेनात. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, त्यांनी त्या ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यात कुणी पदरची ओवी घालू नये असं शेवटी बजावून ठेवलं.

प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीडजवळच्या पाटांगणात मिळालेल्या पोथीवरून वेगळीच ज्ञानेश्वरी छापली. ती एकनाथांच्या आधीची असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. १९६० मध्ये सरकारने आवृत्ती काढली तिला हीच राजवाडे प्रत आधाराला घेतली गेली. नेवाशात एकदा सांगितलेल्या ग्रंथाचा मूळ पाठ कोणता, यावर पावणेसातशे वर्षांनंतरही विद्वानांची बैठक बसतच होती.

हाताने दुरुस्त होत गेलेली प्रत मुळापासून सरकते, हे दुखणं संगणक सांभाळणाऱ्यांना विसाव्या शतकाच्या अखेरीस जडलं. त्यांनी त्यावर जो उतारा शोधला तो मात्र एकनाथांच्या वाटेने गेला नाही. प्रती ताडून पाहत बसण्याऐवजी त्यांनी ठरवलं की प्रतीला हात लावायचाच नाही. यंत्र कसं असावं ते एका फाइलीत लिहायचं आणि यंत्र त्या लिखिताबरहुकूम पुन्हा पुन्हा घडवायचं. आज अनेक लोक घरचा लॅपटॉप असा चालवतात. ही चाल रुळायला लागलेली पंचवीसेक वर्षं, त्यातली भांडणं आणि फसलेले डाव, हा या लेखाचा विषय.

लिनस टॉरवाल्ड्सने आपल्या छंदाच्या, पुढे लिनक्स म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रणालीची बातमी जगाला दिली २५ ऑगस्ट १९९१ ला. भारतात सामान्य माणसाच्या हाती ती पडली मासिकाच्या अंकाला जोडलेल्या सीडीतून. ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ मध्ये हा उपक्रम सुरू केला आणि त्यामागे होते अतुल चिटणीस, बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेले, पुढे बंगळुरूत स्थिरावलेले. त्या सीडीचं मोल आज कळणार नाही. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर ६५० एमबीची एक सीडी उतरवायची तर फोनची लाइन पन्नास तास अखंड चालू लागली असती; तेव्हाच्या टेलिफोनच्या लाइनी आणि बिलं आठवली तर तो विचारही कुणी केला नसता. चिटणिसांनी पुढे २००१ मध्ये बंगळुरूला लिनक्सचा मेळावा सुरू केला, तोच नंतर ‘फॉस डॉट इन’ झाला. २०१३ मध्ये ते गेले. इंग्रजी मासिकांनी त्यांच्यावर भरभरून लिहिलं. मराठीत त्यांची आठवण कमीच निघाली.

सीडी मिळाली म्हणजे काम झालं असं नव्हतं. खरी परीक्षा पुढे. लिनक्सने उचललेल्या युनिक्सच्या जुन्या रिवाजाप्रमाणे प्रणालीच्या सगळ्या सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलींत, ‘एट्सी’ नावाच्या फोल्डरात. पडद्यावर चित्र दिसायचं तर ‘एक्सएफ८६कॉन्फिग’ या फाइलीत मॉनिटरच्या आडव्या आणि उभ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे भरावे लागत. आकडे मॉनिटरच्या पुस्तिकेत असायचे आणि पुस्तिका दुकानदाराकडे राहिलेली असायची. चुकीचा आकडा घातला तर मॉनिटर खराब होऊ शकतो, अशी ताकीद सोबतच्या कागदपत्रांत असे. लोक अंदाजाने आकडा घालत, पडदा काळा झाला की घाईने बटण दाबत, परत सुरू करत. शेवटी एकदाचं चित्र उमटलं की त्या फाइलीला कुणी हात लावू देत नसे.

पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, नगर आणि नाशिक हे तीन जिल्हे. तिथल्या कॉम्प्युटर सायन्सच्या प्रात्यक्षिकांत लिनक्स शिरलं तशी एका प्रयोगशाळेत वीस-तीस यंत्रं एकसारखी ठेवण्याची कटकट सुरू झाली. पहिल्या दिवशी सगळी सारखी असत. मग कुणी एका यंत्रावर कंपायलर बदलला, दुसऱ्यावर प्रिंटर जोडला, तिसऱ्यावर वीज गेली आणि डिस्क तपासणीत अर्धा फोल्डर उडाला. सत्राच्या अखेरीला कोणत्या यंत्रावर काय आहे हे लॅब असिस्टंटच्या डोक्यात असे, आणि तो सुटीवर गेला की कुणाच्याच नसे.

घरच्या यंत्रावर हेच, फक्त प्रयोगशाळेच्या जागी एकच माणूस. मराठी वापरणाऱ्याचं तर आणखी अवघड. १९९० च्या दशकात प्रत्येक कंपनीच्या फॉण्टचा आतला क्रम निराळा. श्रीलिपीत टंकलेलं कृतिदेवात उघडलं की अक्षरांची भेळ. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक आणलं होतं आणि इनस्क्रिप्ट हा कळफलकही ठरला होता, पण बाजाराने ते मनावर घेतलं नाही. युनिकोड आल्यावर लिनक्सवर देवनागरी नीट दिसू लागली त्याचं बरंचसं श्रेय पुण्याला जातं. श्रीलिपी करणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉण्ट रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली सोडले आणि त्यांची पुढची देखभाल बरीचशी रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून झाली. तरीही मराठी लिहायचं तर फॉण्ट टाका, लेखनासाठी आयबस टाका, त्याला एम१७एनची जोड द्या, मराठी इनस्क्रिप्ट निवडा, लॉगिन करताना आयबस आपोआप सुरू होईल अशी ओळ कुठल्याशा फाइलीत घाला, मग एका विशिष्ट प्रोग्रॅममध्ये तेवढं ते चालत नाही म्हणून आणखी एक ओळ आणखी एका फाइलीत. एकदा जमलं की वर्षभर सुख. वर्षाने नवी आवृत्ती टाकताना डिस्क कोरी केली की सगळं पहिल्यापासून, आणि ती दुसरी ओळ नेमकी कोणत्या फाइलीत होती ते आठवत नाही ते नाहीच.

या सरकण्याला धंद्यात ‘ड्रिफ्ट’ म्हणतात.

त्यावर पहिला नेटका विचार केला एका भौतिकशास्त्रज्ञाने. मार्क बर्जेस १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात संशोधन करत होता आणि विभागातले वेगवेगळ्या जातींचे युनिक्स संगणक त्याच्या गळ्यात पडले होते. प्रत्येकाला वेगळी स्क्रिप्ट लिहून तो कंटाळला आणि त्याने ‘सीएफइंजिन’ लिहिलं. त्यातली कल्पना साधी पण रीत पालटणारी होती. ‘ही फाइल उघड, ही ओळ घाल, मग हे सुरू कर’ अशा आज्ञा द्यायच्या नाहीत; ‘ही ओळ असली पाहिजे, हे चालू असलं पाहिजे’ एवढंच लिहायचं. प्रोग्रॅम ठरावीक वेळाने येतो, असलेलं आणि असायला हवं ते ताडतो, फरक दिसला तर मिटवतो, नसला तर काही न करता निघून जातो. दहादा चालवला तरी परिणाम एकदा चालवल्यासारखाच. पुढे ल्यूक केनीसचं ‘पपेट’ २००५ मध्ये आलं, मायकेल डीहानचं ‘अ‍ॅन्सिबल’ २०१२ मध्ये, आणि २०१५ मध्ये अ‍ॅन्सिबल रेड हॅटनेच विकत घेतलं. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत आज ‘डेव्हऑप्स’ म्हणून जी नोकरी मिळते तिच्या मुळाशी बर्जेसची ही रीत आहे.

पण या औषधाने दुखणं दबायचं, जायचं नाही. स्टीव्ह ट्रॉगॉट आणि लान्स ब्राउन यांनी २००२ मध्ये नेमक्या याच भेगेवर बोट ठेवलं. सीएफइंजिनला जेवढं सांगितलं आहे तेवढंच ते पाहतं. न सांगितलेलं पाहतच नाही. फाइलीत दहा गोष्टी लिहिल्या आणि यंत्रावर कुणी अकरावी करून ठेवली तर ती तशीच राहते आणि कधीतरी उलटते. शिवाय त्याच दहा गोष्टी वेगळ्या क्रमाने केल्या तर यंत्र वेगळं निघू शकतं. पोथीतल्या चुका रोज सकाळी खोडत बसणारा जाणता कारकून मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. समासातली नवी ओवी त्यालाही दिसत नव्हती.

यावरचा धाडसी उपाय निघाला नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला. तिथल्या विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा हा संशोधक विद्यार्थी सॉफ्टवेअर यंत्रावर टाकण्याच्या रीतीचाच अभ्यास करत होता. २००४ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह ‘निक्स’वरचा निबंध वाचला, २००६ मध्ये त्याच विषयावर डॉक्टरेट मिळवली. त्याचं निदान असं की सगळ्या गोंधळाचं मूळ सामायिक फोल्डरांत आहे. कुठलाही प्रोग्रॅम आला की आपल्या फाइली त्याच त्या ठिकाणी टाकतो, जुन्यावर नवं लिहितो, आणि जुनं काय होतं याचा मागमूस राहत नाही. त्याने तो रिवाजच मोडला. निक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला ‘निक्स स्टोअर’ या एका कोठारात स्वतंत्र फोल्डर मिळतो आणि त्याच्या नावाआधी बत्तीस अक्षरांची एक खूण असते. ती खूण निघते प्रोग्रॅम ज्या ज्या गोष्टींपासून घडला त्या सगळ्यांच्या हिशोबातून: मूळ कोड, कंपायलर, लागणारी दुसरी सॉफ्टवेअर, बांधणीची पद्धत. यातलं काहीही तसूभर बदललं की खूण बदलते आणि नवा प्रोग्रॅम नव्या फोल्डरात जातो. जुना जागच्या जागी. कोठारातल्या वस्तूला एकदा ठेवल्यावर हात लावता येत नाही.

आर्माइन हेमेल या विद्यार्थ्याने २००६ मध्ये एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी हीच कल्पना अख्ख्या लिनक्सला लावून पाहिली. त्यातून ‘निक्सओएस’ निघालं. २००८ मध्ये डोल्स्ट्रा आणि आंद्रेस लोह यांनी त्यावर निबंध लिहिला, ऑक्टोबर २०१३ पासून त्याच्या क्रमांकित आवृत्त्या निघू लागल्या. इथे सगळी प्रणाली एका फाइलीतून निघते. तिचं नाव ‘कॉन्फिगरेशन डॉट निक्स’. वर सांगितलेली मराठीची सगळी यातायात या फाइलीत दहा-बारा ओळींची होते: वेळेचा पट्टा आशिया-कोलकाता, फॉण्टांच्या यादीत लोहित, लेखनासाठी आयबस, त्याच्या जोडीला एम१७एन. खाली वापरणाऱ्याचं नाव आणि हवे ते प्रोग्रॅम. मग ‘निक्सओएस-रिबिल्ड स्विच’ ही आज्ञा द्यायची. प्रणाली नवी घडते आणि शेवटच्या क्षणी एक दुवा जुन्याकडून नव्याकडे फिरवला जातो. फाइलीतून फॉण्टची ओळ खोडली आणि पुन्हा घडवलं तर प्रणालीत तो फॉण्ट उरत नाही. ट्रॉगॉटची अकरावी गोष्ट इथे टिकायला जागाच नाही, निदान प्रणालीच्या हद्दीत तरी.

तो दुवा फिरवण्याचा क्षण ग्रामीण महाराष्ट्राला विशेष समजण्यासारखा आहे. २००५ नंतरची काही वर्षं आठवावीत. भारनियमनाचं वेळापत्रक गावोगाव लागलेलं असायचं आणि वीज वेळापत्रकाच्या आधीच जायची. अशा वेळी साध्या लिनक्सवर अपडेट चालू असेल तर अर्धे प्रोग्रॅम नवे, अर्धे जुने आणि काही उघडून पसरलेले. यंत्र परत सुरू झालं तर नशीब, नाहीतर काळ्या पडद्यावर आज्ञा देत अर्धवट काम निस्तरायचं. निक्समध्ये नवं सगळं बाजूच्या फोल्डरांत रचलं जातं. दुवा फिरण्याआधी वीज गेली तर जुनी प्रणाली जशीच्या तशी सुरू होते. फिरल्यानंतर गेली तर नवी. अर्धवट अवस्था मधे येतच नाही. वर आणखी एक सोय: यंत्र सुरू होताना मागच्या सगळ्या घडणींची तारीखवार यादी समोर येते. आजची बिघडली तर कालची निवडायची.

इतकं सगळं असताना जग निक्सओएसवर का गेलं नाही? कारण ते शिकणं म्हणजे नवी भाषा शिकणं, आणि तीही फंक्शनल वळणाची, जिच्यात चूक झाली तर येणारा संदेश चूक सोडून बाकी सगळं सांगतो. इंटरनेटवरून उतरवलेला तयार प्रोग्रॅम इथे सहसा चालत नाही; लिनक्समध्ये जी फाइल अमुक ठिकाणी असणार असं तो गृहीत धरतो, ती इथे तिथे नसतेच. जुन्या घडणी साठत गेल्या की डिस्क भरते आणि कोठार झाडून घ्यावं लागतं. एका मूळ लायब्ररीत बदल झाला की तिच्यावर उभं असलेलं सगळं नव्याने उतरवावं लागतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट चालवणाऱ्याला हे परवडत नाही. पासवर्ड फाइलीत लिहायची सोय नाही, कारण कोठारातलं सगळं त्या यंत्रावरच्या कुणालाही वाचता येतं. त्यासाठी वेगळी साधनं जोडावी लागतात. आणि एकच लॅपटॉप असलेल्या माणसाला दोन ओळींच्या बदलासाठी अख्खी संध्याकाळ घालवण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न रास्तच आहे. ज्याला तीन वर्षांत एकदाही यंत्र नव्याने लावायची पाळी आली नाही त्याला नाही, हे उघड आहे.

तरी लोक वाढत गेले. २०१२ मध्ये लुडोविक कुर्तेसने निक्सचीच कल्पना घेऊन स्कीम भाषेत ‘जीएनयू गिक्स’ सुरू केलं. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरातल्या सेटिंग्जसाठी ‘होम मॅनेजर’ आलं आणि एडिटरचा रंग, शेलची लघुरूपं, कळांचे शॉर्टकटही लिखितात आले. लोक आपली फाइल गिटमध्ये ठेवू लागले. कोणती ओळ कधी आणि का बदलली याची बखर आपोआप तयार होऊ लागली. निक्सच्या भांडारात आज एक लाखाहून अधिक पॅकेजेस आहेत. भांडणंही तेवढीच मोठी झाली. प्रकल्प कुणी चालवायचा यावरून २०२४ मध्ये वाद इतका विकोपाला गेला की डोल्स्ट्रा स्वतः फाउंडेशनच्या मंडळातून बाजूला झाला. यंत्राची अवस्था फाइलीत मांडता आली. माणसांची मांडणं काही जमलं नाही.

महाराष्ट्रातली मुक्त सॉफ्टवेअरची वहिवाट पुण्याभोवती वाढली. सिम्बायोसिसमध्ये भरणारा ‘ग्नूनिफाय’, नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपीत आणि जून २०१५ मध्ये एमआयटीत झालेले फेडोरा या लिनक्सचे मेळावे, यांत फॉण्टपासून सर्व्हरपर्यंत सगळं बोललं गेलं. मुंबईहून आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजात नेले. या सगळ्यात निक्ससारख्या गोष्टी बऱ्याच उशिरा पोचल्या, आणि पोचल्या त्या बहुतेक नोकरीच्या निमित्ताने. मराठीत या विषयावर वाचायला मिळेल असं अजून फारच थोडं आहे. नगरमधल्या एखाद्या विद्यार्थ्याला ‘कॉन्फिगरेशन डॉट निक्स’ समजून घ्यायची तर आधी इंग्रजी, मग ती फंक्शनल भाषा, असे दोन डोंगर चढावे लागतात.

एकच गोष्ट अनेक जागी लिहिलेली असली की काय होतं, हे नगर जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा आपोआप लोकांसमोर आलं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अहिल्यानगर हे नाव मंजूर केलं आणि ऑक्टोबरमध्ये ते अधिकृत झालं. आदेश एकच होता; पण नाव पाट्यांवर, शिक्क्यांवर, छापील फॉर्मांवर आणि संगणकांतल्या याद्यांमध्ये सुटंसुटं लिहिलेलं होतं, त्यामुळे ते एकेका जागी जाऊन बदलावं लागलं. जुन्या पद्धतीच्या लिनक्सवर यंत्राचं स्वतःचं नाव बदलतानाही हेच होतं: ते दोन-तीन फाइलींत वेगवेगळं लिहिलेलं असतं, आणि एखादी राहून गेली की महिनाभराने कुठलीतरी सेवा जुन्या नावाने हाक मारते. निक्समध्ये ते एका ओळीत असतं आणि बाकी सगळे तिथूनच घेतात.

या फाइलीत सगळं मावतं असा समज मात्र करून घेऊ नये. माणसाची छायाचित्रं, पत्रं, हिशोब, डेटाबेसमधल्या नोंदी, यातलं काहीही तिच्यातून पुन्हा घडवता येत नाही. त्याचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो. निक्सओएस बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे, आणि त्याची खूण त्यांनी फाइलीतच ठेवली आहे. प्रत्येक ‘कॉन्फिगरेशन डॉट निक्स’च्या तळाशी ‘स्टेट व्हर्जन’ अशी एक ओळ असते. हे यंत्र पहिल्यांदा कोणत्या आवृत्तीने उभं राहिलं तो आकडा तिच्यात असतो. प्रणाली पुढे कितीही नवी होत गेली तरी तो बदलू नये, असं वर टिपणीत बजावलेलं असतं, आणि नवशिके हमखास तिथेच हात घालतात. कारण पोस्टग्रेससारख्या डेटाबेसची जुनी माहिती त्या काळच्या मांडणीत डिस्कवर बसलेली असते. आकडा वाढवला की प्रणाली नव्या पोस्टग्रेससह उभी राहते, नवा कोरा फोल्डर उघडते आणि जुन्या नोंदी तिला दिसत नाहीत. त्या गेलेल्या नसतात, शेजारच्या फोल्डरात असतात. आकडा पूर्ववत करून पुन्हा घडवलं की परत दिसू लागतात.